आरोनियन–आनंद, २०१३ : हल्ला घरून आणलेला असेल तर टाळ्या कमी वाजवायच्या का?

काळा_उंट

या शतकात भारतीय खेळाडूने खेळलेला सगळ्यात देखणा डाव कोणता, असं कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी माझं उत्तर ठरलेलं आहे. १५ जानेवारी २०१३, नेदरलँड्समधल्या विक आन झी गावची स्पर्धा, चौथी फेरी. लेव्हॉन आरोनियन पांढऱ्याने, आपला विश्वनाथन आनंद काळ्याने. अवघ्या २३ चाली. आरोनियनचं मानांकन तेव्हा २८००च्या वर होतं, म्हणजे कुणी लुंगासुंगा समोर नव्हता.

ज्यांनी डाव पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सुरुवात सेमी-स्लाव्ह, त्यातला मेरान प्रकार. बाराव्या चालीला आरोनियनचा घोडा जी५वर येतो (अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ). आनंद त्याच्याकडे ढुंकून न बघता सी-प्यादं पुढे ढकलतो. तेराव्या चालीला तो घोडा एच७चं प्यादं खातो आणि एफ८च्या हत्तीवर डोळा ठेवून बसतो. इथे तुम्ही-आम्ही काय करू? घोड्याने घोडा मारू, मग उंट शह देऊन एच७वर बसेल आणि आपण एका प्याद्याने मागे पडून उरलेली दुपार रडत काढू. आनंदने काय केलं? घोडा जी४. हत्ती तसाच मरायला उभा ठेवला. तो हत्ती आरोनियनला खायला मिळाला एकोणिसाव्या चालीला.

जी४चा घोडा आणि डी६चा उंट, दोघंही एच२वर टपलेले. म्हणून आरोनियनने एफ४ खेळून उंटाची तिरकी वाट बंद केली. पण एफ-प्यादं पुढे गेलं की ए७ ते जी१ ही दुसरी तिरकी वाट उघडी पडते. आनंदने डी४वर प्यादी मारामारी उरकली आणि तोच उंट उचलून सी५वर ठेवला. प्याद्याच्या तोंडात! आरोनियनने तो खाल्ला नाही, उंट ई२वर घेऊन जी४च्या घोड्यावर हल्ला केला. त्यावर १६...घोडा ई५ (आकड्यापुढची टिंबं म्हणजे काळ्याची चाल). आता हा दुसरा घोडाही प्याद्याच्या तोंडात. सात चालींनी खेळ खल्लास.

हा डाव कुणाला दाखवला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "तयारी होती हो." होतीच. मे २०१२मध्ये मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत गेल्फंडशी जगज्जेतेपदाचा सामना झाला, त्यासाठी आनंदच्या चमूने ही वाट खणून ठेवली होती. तिथे ती वापरली गेली नाही, आठ महिन्यांनी आरोनियन तिच्यात पडला.

तर प्रश्न असा: हल्ला पटावर सुचलेला नसून घरून आणलेला असेल, तर त्याचं मोल कमी होतं का? आणि जाता जाता, या डावातली तुमची आवडती चाल कोणती?

अडीच_घरं

पहिला! १६...घोडा ई५, प्रश्नच नाही. पांढऱ्याने एफ-प्याद्याने तो घोडा खाल्ला तर काय होतं ते पट मांडून बघा. वजीर डी४वर शह, राजा एच१, मग वजीर जी१वर शह! सी५चा उंट मागे उभा असल्याने राजाला वजीर मारता येत नाही. हत्तीने मारावाच लागतो. आणि घोडा एफ२, मात. स्वतःच्याच हत्तीने आणि प्याद्यांनी कोंडलेला राजा. पुस्तकी स्मदर्ड मेट.

पण खरी गंमत पुढे आहे. एफ२वरच्या घोड्याला पांढऱ्याचा वजीर का मारू शकत नाही? तो तर सी२वर, त्याच आडव्या ओळीत आहे. कारण मध्ये ई२वर पांढऱ्याचाच उंट उभा आहे, जो आरोनियनने आदल्याच चालीला तिथे आणला. उंट ई२वर गेला नसता तर ही मात लागतच नव्हती. आनंदने त्या एका घराचा सूड उगवला.

नवशिका_नाना

लेख वाचून पट काढला, पोराच्या दप्तरातून. एक बाळबोध शंका. ई५चा घोडा एफ-प्याद्याने खाल्ला तर मात, हे समजलं. मग डी४च्या प्याद्याने का खाऊ नये? तेही ई५वर मारू शकतंच की.

टायमर_पडला

नाना, ते प्यादं हललं की सी५च्या उंटाचा तुमच्या राजाला शह. नियमातच बसत नाही. ते प्यादं बांधलेलं आहे.

नवशिका_नाना

हात् तिच्या! म्हणजे खाण्यासारखे दोन घास समोर, आणि एका प्याद्याचे हात बांधलेले, दुसऱ्याने खाल्लं की मात. धन्यवाद. हे कळल्यावर जरा वेळ नुसताच पटाकडे बघत बसलो.

वऱ्हाडी_ठेचा

१५ जानेवारी म्हंजे संक्रांतीचा दुसरा दिवस. आरोनियनची किंक्रांत झाली ना बे!

हेमांगी_के

ठेचा, हहपुवा (हसून हसून पुरेवाट) 😄

सिलिकॉन_शकुनी

रंगात भंग करतो, माफी असावी.

मला या डावाचा आनंद (श्लेष नाही) होतो, पण "अमर डाव" वगैरे म्हणायला मी तयार नाही. अमर डाव हे नाव ज्याला आहे तो वेगळा: १८५१ साली लंडनमध्ये अँडरसनने किझेरित्स्कीला दोन्ही हत्ती आणि वजीर देऊन मात केली, तेव्हा त्याच्या खिशात संगणक नव्हता. डोकं, पट आणि समोरचा माणूस. इथे चार-पाच ग्रँडमास्टरांचा चमू, रात्रंदिवस तापलेली यंत्रं, आणि त्यातून निघालेली फाइल. ती फाइल लक्षात ठेवणं हे कौशल्य आहेच, पण ते घोकंपट्टीचं कौशल्य. दहावीच्या मेरिट लिस्टमध्ये आलेल्या मुलाला आपण शास्त्रज्ञ म्हणतो का?

हल्ल्याचं सौंदर्य धोक्यात असतं. खेळणाऱ्यालाच माहीत नसतं की हे जमेल का, आणि तो तरी उडी मारतो. इथे आनंदला खाली जाळी बांधलेली दिसत होती.

काळा_उंट

शकुनी, प्रतिसाद आवडला पण पटला नाही. तुम्ही अँडरसनचं नाव घेतलंत म्हणून सांगतो: अमर डाव हा स्पर्धेतला डाव नव्हताच, सहज गंमत म्हणून मांडलेला होता. आणि आजच्या नजरेने दोघांच्याही चालींत भरपूर भोकं आहेत. तरी तो सुंदर आहे, यावर आपलं एकमत. मग सौंदर्याचा धोक्याशी संबंध असेल, तर बरोबर-चूक याच्याशी तो नाही, हेही मान्य करा.

शिवाय "फाइल लक्षात ठेवणं" एवढं सोपं असतं तर तीच यंत्रं आरोनियनकडेही होती.

ओलंदेज_पाहुणी

विषयांतर करते, पण विक आन झीचं नाव निघालं म्हणून राहवत नाही. मी गेली काही वर्षं नेदरलँड्समध्ये आहे आणि ही स्पर्धा जाऊन पाहिली आहे (२०१३ची नाही, नंतरची). लोकांना वाटतं जगातले अव्वल खेळाडू म्हणजे पंचतारांकित हॉटेल. तसलं काही नाही. समुद्रकाठचं एवढंसं गाव. बेव्हरवाइकपर्यंत रेल्वे, तिथून बस. जानेवारीतला वारा असा की कानटोपी उडून जावी. खेळ चालतो डे मोरियान नावाच्या सभागृहात, आणि तिथेच, त्याच छपराखाली, शेकडो हौशी खेळाडू आपापले डाव खेळत असतात. बँकेतला कारकून आणि जगज्जेता एकाच दालनात घड्याळं दाबतात. आपला डाव संपला की दोरीपर्यंत जायचं आणि ग्रँडमास्टरांची तोंडं बघत उभं राहायचं.

पूर्वी ही स्पर्धा हूगोव्हन्स या पोलाद कारखान्याच्या नावाने होती, मग कोरस झालं, आणि टाटांनी २००७ला कोरस घेतल्यानंतर काही वर्षांनी टाटा स्टील. गावातून कारखान्याची धुराडी दिसतात. जमशेदपूरचं नाव उत्तर समुद्राच्या काठावर वाचून उगाच छाती फुगते.

आणि वाटाण्याचं सूप! ते तिथली परंपरा आहे. इतकं घट्ट की चमचा उभा राहतो. आपल्या पिठल्याचा गोरा चुलतभाऊ म्हणा.

टायमर_पडला

ताई, सूप राहू द्या, तो हॉल प्रत्यक्ष पाहिल्याबद्दल जळफळाट नोंदवून घ्या.

सांगलीकर_आप्पा

आमच्या वेळेस डाव वर्तमानपत्रात दोन-तीन दिवसांनी छापून यायचे आणि आम्ही ते वहीत उतरवून घ्यायचो. सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळाचं वातावरण असल्यामुळे आमच्या पिढीला हा नाद लवकर लागला. भाऊसाहेब पडसलगीकरांचं गाव हे.

हा आनंदचा डाव पाहिल्याबरोबर मला जुना डाव आठवला. रोटलेवी विरुद्ध रुबिनस्टाईन, लॉड्झ, १९०७. लॉड्झ आज पोलंडमध्ये, तेव्हा रशियन साम्राज्यात. त्यातही काळ्याचे दोन उंट पांढऱ्या राजावर रोखलेले, घोडा जी४वर, पांढऱ्याने एफ४ खेळलेलं, राजा एच१च्या कोपऱ्यात. रुबिनस्टाईनने वजीर एच४वर नेला. रोटलेवीने जी३ खेळून वजिरावर हल्ला केला, तर यांनी वजीर तिथेच सोडून हत्तीने सी३चा घोडा मारला! वजीर गेला. मग दुसरा हत्ती डी२वर दिला. तो पांढऱ्या वजिराने मारल्यावर उंट ई४वर शह, वजीर जी२वर आडवा, आणि पहिला हत्ती एच३. एच२वरची मात कशाने टळत नाही. पंचवीस चाली. या डावावर माझी अर्धी हयात गेली म्हणा ना.

आता शकुनीरावांना माझा सवाल. आनंदने रुबिनस्टाईनचा तो डाव पाहिला नसेल, असं होणं नाही. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची तीच मांडणी त्याच्या डोक्यात आधीच होती. यंत्र चाल सांगेल, पण ही मांडणी ओळखीची वाटायला रुबिनस्टाईन वाचलेला असावा लागतो. याला घोकंपट्टी म्हणायचं की व्यासंग?

जाता जाता, या रुबिनस्टाईनचा तेव्हाचा जगज्जेता लास्करशी जगज्जेतेपदाचा सामना १९१४ साली व्हायचा होता. महायुद्धाने तो गिळला. नंतर तो माणूस पूर्वीचा राहिला नाही.

हेमांगी_के

आप्पा, असे प्रतिसाद मूळ लेखापेक्षा भारी असतात (काळा_उंट, रागावू नका). वाचनखूण साठवली.

सिलिकॉन_शकुनी

आप्पा, तुमच्यापुढे शस्त्रं खाली. पण पूर्ण नाही! तुम्ही जो डाव सांगितलात तो माझ्याच बाजूचा पुरावा आहे. रुबिनस्टाईनने ते पटावर, घड्याळ चालू असताना शोधलं. आनंदने रुबिनस्टाईनवरून शोधलं, तेही घरी.

मला तुलना करायचीच तर त्याच गावातला दुसरा डाव घेतो. २० जानेवारी १९९९, कास्पारोव्ह वि. टोपालोव्ह. चोविसाव्या चालीला कास्पारोव्हने डी४वर हत्ती दिला. टोपालोव्हने तो घेतला नसता, राजा बी६वर नेला असता, तर काही बिघडत नव्हतं. पण घेतला. आणि मग काळा राजा शह खात खात पट ओलांडून पांढऱ्याच्या पहिल्या ओळीत, डी१पर्यंत पोहोचला. आपल्याच घरातून हाकलून शत्रूच्या माजघरात. त्यात ३६वी चाल उंट एफ१ आणि पुढची हत्ती डी७ बघा. ते पटावर सुचणं म्हणजे अंगात येणं. याला मी अमर म्हणतो.

काळा_उंट

तो डाव कुणाला आवडत नाही? पण तुमच्याच मापाने मोजा. तो बळी यंत्राच्या कसोटीला सरळ उतरत नाही, बी६वर राजा गेला असता तर कास्पारोव्हला काही मिळत नव्हतं. म्हणजे टोपालोव्हच्या चुकीवर उभा राहिलेला डाव अमर, आणि आनंदचा मात्र पाठांतर?

सिलिकॉन_शकुनी

होय! टोपालोव्हला घ्यायचा मोह झाला, कास्पारोव्हने तो मोह ओळखला. त्या दोन माणसांमध्ये जे घडलं ते कुठल्याही फाइलमध्ये नाही.

गणिती_गौरी

तुम्ही दोघं भांडा, मी मोजणी करून आले.

आरोनियनच्या २३ चालींपैकी ५ चाली एकट्या राजाच्या बाजूच्या घोड्याच्या: एफ३, जी५, एच७, एफ८, जी६. आणि ५ चाली पांढऱ्या घरांवरच्या उंटाच्या: डी३, सी४, परत डी३, ई२, जी४. म्हणजे दोन मोहऱ्यांवर १० चाली, आणि शेवटी ती दोन्ही पटाबाहेर. उलट ए१चा हत्ती आणि सी१चा उंट डाव संपेपर्यंत जागचे हलले नाहीत. एकदाही नाही. म्हणून शेवटी मोहऱ्यांचा हिशोब केला तर आरोनियन चक्क पुढे आहे (त्याचा हत्ती, आनंदचा उंट, बाकी सारखं), पण ते मोहरं घरी झोपलेलं.

आनंदकडे बघा. डी६वर आलेला उंट चार चाली खेळला: डी६, सी५, डी४, ई३. चारही हल्ल्याच्या. आणि शेवटची चाल त्याचीच.

माझं मत विचाराल तर यात हल्ल्याचं गणित आहे. बळी देणारा खरं तर श्रीमंत असतो, कारण त्या कोपऱ्यात त्याची माणसं जास्त असतात.

अडीच_घरं

गौरी, "ते मोहरं घरी झोपलेलं" हे आवडलं. आमच्या ऑफिसात असे दोन हत्ती आहेत.

टायमर_पडला

सगळे ई५वरच्या घोड्याला ओवाळतायत. मी वेगळं मत देतो. माझी आवडती चाल १९...एफ५.

परिस्थिती अशी. आरोनियनने शेवटी तो हत्ती खाल्ला, घोडा एफ८वर. कुणालाही वाटेल, आता वजीर एच४वर न्यायचा आणि एच२वर मात. पण थांबा. तसं केलं तर पांढरा वजीर सी२वरून तिरका थेट एच७वर येऊन शह देतो, वजिरावजिरी होते आणि हल्ल्याची हवा गुल. म्हणून आनंदने आधी एक प्यादं दोन घरं सरकवलं. शह नाही, मार नाही, आरडाओरडा नाही. ती तिरकी वाट बंद झाली, जी४च्या घोड्याला आधार मिळाला, आणि एच४ची धमकी आता खरी झाली. एक हत्ती मागे असताना एवढ्या शांतपणे प्यादं ढकलायला काळीज लागतं. आरोनियनला घोडा जी६वर आणावा लागला, फक्त एच४चं घर राखायला. तो घोडा पुढे तिथेच मेला.

हल्ला म्हणजे धडाधड बळी असं समजणाऱ्यांनी ही चाल फ्रेम करून लावावी.

नवशिका_नाना

टायमर, मी पट अजून आवरलेला नाही. शेवटची चाल २३...उंट ई३ समजावून सांगता का? तिथे आरोनियनने हार का मानली? मला तर अजून भरपूर खेळ बाकी दिसतो. जी४चा घोडा एच३च्या प्याद्याने मारून टाकावा.

टायमर_पडला

नाही मारता येत. काळा वजीर एच५वर आहे. एच३चं प्यादं बाजूला झालं की एच-पट्टीवरून राजाला शह. हेही प्यादं बांधलेलं!

आता दुसरं. काळ्याला वजीर एच३वर मारून मात करायची आहे. त्याला जी२चं प्यादं मारू शकेल? नाही, कारण बी७चा उंट लांबच्या तिरक्या वाटेने जी२मधून राजाकडे बघतोय. म्हणजे तेही बांधलेलं. एच३ला राखणारं एकच मोहरं उरतं: डी३वरचा पांढरा वजीर, आडव्या तिसऱ्या ओळीतून. आणि आनंदने उंट कुठे ठेवला? ई३वर, बरोबर मध्ये. ओळ तुटली. सी१च्या उंटाने तो मारला तर वजीर एच३वर शह, राजा जी१, वजीर जी२वर मात. आरोनियनने वजीर देऊन टाकला तर उरतं काय? म्हणून हात मिळवला.

नवशिका_नाना

एका डावात तीन बांधलेली प्यादी. आज जेवण जाणार नाही. (जाईल. आज कढी-खिचडी आहे.)

वऱ्हाडी_ठेचा

राजेहो, आमच्या नागपूरची दिव्या देशमुख इसरले का? जुलै २०२५ला बटुमीत महिला विश्वचषक, फायनलमधी कोनेरू हम्पीसारख्या बाईले टायब्रेकमधी हरवलं अन् थेट ग्रँडमास्टर झाली. शकुनीभाऊ, तुमच्या "पटावर सुचलं पाहिजे" या कायद्यात टायब्रेक लय बसते. घड्याळ धावत असते, फाइल कधीचीच संपलेली असते.

सिलिकॉन_शकुनी

ठेचा, याच्याशी शंभर टक्के सहमत. शिर्षासन करून सहमत.

शिकवणी_मास्तर

मी लहान मुलांना बुद्धिबळ शिकवतो, त्यामुळे जरा लांबण लावतो.

"तयारी" या गोष्टीबद्दल लोकांच्या डोक्यात एक चित्र आहे: यंत्राने पंचवीस चाली ओकल्या, खेळाडूने त्या पाठ केल्या, येऊन टाकल्या. प्रत्यक्षात असं खेळणारी मुलं माझ्याकडे दर वर्षी येतात. बाराव्या चालीपर्यंत विजेसारखी खेळतात. तेराव्याला समोरचा काही वेगळं खेळला की पंधरा मिनिटं छताकडे बघतात आणि मग मोहरं फुकट देतात. कारण चाल पाठ आहे, चालीचं कारण पाठ नाही.

मेरानसारख्या प्रकारात समोरच्याकडे प्रत्येक वळणावर दोन-तीन बऱ्या वाटा असतात. उंट सी५ला आरोनियन प्याद्यानेही मारू शकला असता. त्याने ई२ निवडलं. अशा सगळ्या फांद्या नुसत्या घोकून डोक्यात राहत नाहीत, त्यांचं सूत्र समजलेलं असावं लागतं. इथलं सूत्र असं: एफ-प्यादं हललं आहे, जी१चा काळोख उघडा आहे, राजाजवळ रक्षक कमी, माझे दोन्ही उंट तिकडे रोखलेले, म्हणून प्यादी आणि हत्ती मोजत बसू नकोस. हे सूत्र ज्याला कळलं त्याला १६वी चाल फाइलमधून आठवली काय आणि पटावर सुचली काय, हात त्याच घरावर जातो.

मी मुलांना हा डाव दाखवताना १५व्या चालीला थांबतो आणि विचारतो, आता काय? निम्मी मुलं हत्ती वाचवतात. एक मुलगी म्हणाली, "सर, मी उंट मागे घेणार होते, पण मागे घेतला तर घोडा एकटा पडतो." मी तिला चाल सांगितली नाही. आठवडाभर डोकं खाजवू दे म्हटलं.

हेमांगी_के

मास्तर, त्या मुलीला सापडली का चाल?

शिकवणी_मास्तर

तिने डी४वर वजीर मारायचा हट्ट धरला. चूक, पण डी४कडे बघत होती हे महत्त्वाचं. ई५वर घोडा गेला की डी-पट्टी वजिराला मोकळी होते, हे तिला पुढच्या तासाला दिसलं.

सांगलीकर_आप्पा

मास्तरांनी नेमकं सांगितलं. अजून एक जुनी गोष्ट. आमच्या आजोबांच्या काळी घरोघरी देशी पद्धतीने बुद्धिबळ चालायचं. त्यात नुसतं जिंकणं पुरेसं नसे, मात कशी केली याला मान असे. प्याद्याने मात केली, म्हणजे प्यादेमात, तर ती सगळ्यात वरची. वजिराने मात करणाऱ्याला ओटीवरचे म्हातारे म्हणत, "यात काय, वजीर होता ना." म्हणजे तुमचा हा वाद घराघरांत आधीच होऊन गेला आहे, तेव्हा यंत्राच्या जागी वजीर होता.

अडीच_घरं

आप्पा 🙏

ओलंदेज_पाहुणी

त्या वर्षीची स्पर्धा शेवटी कार्लसनने १३ पैकी १० गुणांनी जिंकली होती ना? एवढा डाव जिंकूनही आनंद तिसऱ्या स्थानावर.

काळा_उंट

हो, ८ गुण, कार्याकिनबरोबर तिसरा. आरोनियन साडेआठवर दुसरा! आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात चेन्नईत कार्लसनने जगज्जेतेपद नेलं. म्हणून हा डाव मला अजून मोलाचा वाटतो. गेल्फंड सामन्यात १२ पैकी १० डाव बरोबरीत सुटले तेव्हा "आनंद संपला, आता नुसता टुकूटुकू खेळतो" अशी टीका चालली होती. त्याच सामन्याच्या तळघरात हा बॉम्ब ठेवलेला होता, कुणाला दिसला नाही.

टायमर_पडला

त्या सामन्यात आठवा डाव आनंदने १७ चालींत जिंकला होता, तेही विसरू नका. टीकाकारांना तेवढा दिसला नाही.

नाशिकचा_घोडा

उशिरा आलो. विदितचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून नाशिककर या नात्याने निषेध. एप्रिल २०२४, टोरांटो, कँडिडेट्स (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा), दुसरी फेरी. नाकामुरा पांढऱ्याने, विदित गुजराथी काळ्याने. विदितने उंट एच३वर दिला, राजासमोरची भिंत फोडली आणि नाकामुराची ४७ डावांची अपराजित मालिका २९ चालींत संपवली. परत नवव्या फेरीत पुन्हा हरवला, वाटलं असेल की योगायोग. दुसऱ्या फेरीतला तो डावही काळ्यानेच केलेला हल्ला, तोही तयारीच्या जमिनीतून उगवलेला. त्यावर वेगळा धागा हवा.

हेमांगी_के

काढा ना मग धागा. आम्ही सूप घेऊन बसतो.

सिलिकॉन_शकुनी

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण मला उत्तर द्यायचं आहे आणि नंतर झोपायचं आहे.

मास्तरांच्या प्रतिसादाने मी अर्धा सरकलो. १६...घोडा ई५ फाइलमधली असेल, पण १९...एफ५ आणि २३...उंट ई३ या चालींना मी पूर्ण गुण देतो, कारण तिथे पोहोचेपर्यंत कुणीही नुसतं आठवत नसतं, बघत असतं. म्हणजे माझ्या हिशोबाने डाव देखणा, हल्ला देखणा, पण अमर डावांच्या कपाटात त्याची जागा कास्पारोव्ह–टोपालोव्हच्या एक फळी खाली. आणि रुबिनस्टाईनच्या दोन फळ्या.

काळा_उंट

कपाटात ठेवलात हेच पुष्कळ. फळीवरून नंतर भांडू.

गणिती_गौरी

रुबिनस्टाईन कास्पारोव्हच्याही वर? शकुनी, तुम्ही आप्पांना घाबरून मतदान केलंत.

सिलिकॉन_शकुनी

आप्पा सांगलीचे आहेत. हळद पाठवणं बंद करतील.

नवशिका_नाना

आप्पा, तो रोटलेवीचा डाव पहिल्या चालीपासून देता का इथे? पोरगं विचारतंय पट परत कधी मिळणार, पण मी म्हटलं अजून एक डाव आहे.

सांगलीकर_आप्पा

देतो नाना. उद्या सकाळी टंकतो, रात्री चष्म्यातून घोडे आणि उंट सारखेच दिसतात. तोवर एवढंच: पांढऱ्याने १. डी४, काळ्याने डी५. पुढच्या चाली पोरालाच विचारत बसा.